उडाला की गेला?

पेडणे येथील आमच्या घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, २००२ साली घेतलेला एक डेस्कटॉप संगणक अद्याप उभा आहे. चाळीस जीबीची हार्ड डिस्क, दोनशे छप्पन एमबीची स्मृती, समोर फ्लॉपीची खाच, मागे प्रिंटरची पंचवीस छिद्रांची जोडणी, असा त्याचा संसार. येणारेजाणारे त्याकडे पाहून विचारतात, ‘हे अजून भंगारात कसे गेले नाही?’ प्रश्न रास्त आहे. आमच्या खिशातील मोबाइलही त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी सामर्थ्यवान आहे. तरीही तो आम्ही जपला, त्याला कारण आहे. गेल्या श्रावणात तो आमच्याच हातून जवळजवळ निकामी झाला होता. त्या प्रसंगाने भाषेविषयी जे शिकवले ते येथे नोंदवून ठेवावे असे वाटते.

प्रथम जपण्याचे कारण. ह्या संगणकात आमचा शब्दसंग्रह होता. पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांतील शेतकरी, रेंदेर, सुतार, होडीवाले, भजनी मंडळींतील वृद्ध ह्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द आम्ही अनेक वर्षे वहीत उतरवीत आलो आणि वहीतून ह्या यंत्रात. पावसाळी पिकाला ‘सरद’ आणि उन्हाळी पिकाला ‘वायंगण’ म्हणतात, ओहोटीला येथे ‘सुकती’ म्हणतात, खाजन शेतीत खारे पाणी अडविणाऱ्या दाराला ‘मानस’ म्हणतात, असे ते शब्द. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. ज्या वह्यांतून शब्द उतरवले त्यांपैकी निम्म्यांना आमच्या दमट हवेत वाळवी लागली. म्हणजे संग्रहाचा मोठा भाग केवळ ह्या एका यंत्रात उरला होता.

वाचक म्हणतील, मग तो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकात का ठेवला नाही? ठेवला होता. फायली सुखरूप होत्या. वाचता मात्र येत नव्हत्या. आम्ही लिहिले तो काळ फाँटांचा होता. देवनागरीचे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या क्रमाने अक्षरे साठवीत असे. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह होऊन उमटे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, तीत देवनागरी होती. परंतु गावोगावच्या छापखान्यांत आणि घरांत ही मानके पोहोचायला बरीच वर्षे लागली. त्यात आमचे सॉफ्टवेअर कुलूपबंद होते. प्रिंटरच्या जोडणीत एक छोटी डबी खोचावी लागे, तिला आमच्याकडे सगळे ‘डाँगल’ म्हणत. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नसे. नव्या संगणकांना तशी जोडणीच नाही. थोडक्यात, शब्द होते, पण त्यांची चावी ह्या एका जुन्या यंत्राच्या पाठीत अडकून राहिली होती.

गोव्यातील मराठीला हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे ओतणे त्या छापखान्याला साधले नव्हते. भाषा आपली आणि ती साठविण्याची सोय परक्याच्या हाती, ही अडचण आमच्या भूमीत चारशे वर्षे जुनी आहे.

आता बिघाडाकडे वळू. जून महिन्यात हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला. जाणकारांना ठाऊक असेल, असा आवाज करू लागलेली डिस्क किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. आम्ही त्याच पद्धतीच्या जोडणीची, रुंद पट्टीच्या केबलची, एकशे साठ जीबीची जुनी पण चालू डिस्क मिळवली, पहिल्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवून घेतली आणि ती यंत्रात बसवली. यंत्र सुरू झाले, पडद्यावर स्मृतीची मोजणी झाली, डिस्क ओळखण्याची ओळ उमटली आणि तेथेच सारे थिजले.

कारण शोधता शोधता कळले ते असे. त्या पिढीतील बरीच यंत्रे डिस्कवरील प्रत्येक कप्प्याचा पत्ता अठ्ठावीस बिटांत लिहीत. एका कप्प्यात पाचशे बारा बाइट. तेव्हा अठ्ठावीस बिटांत जितके पत्ते मावतात तितक्या कप्प्यांची बेरीज सुमारे एकशे सदतीस जीबी होते. त्यापलीकडची डिस्क लावली तर काही यंत्रे तिला तेवढीच समजतात, काही आमच्या यंत्रासारखी वाटेतच अडकतात. पुढे पत्ता अठ्ठेचाळीस बिटांचा झाला आणि प्रश्न सुटला. आमच्या बोर्डाच्या निर्मात्याने ही सुधारणा बायोसच्या एका नंतरच्या आवृत्तीत दिली होती. म्हणजे फर्मवेअर अद्ययावत करणे आले.

हा ‘फर्मवेअर’ शब्द मोठा गमतीचा आहे. अ‍ॅशर ऑप्लर ह्या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तो १९६७ साली वापरात आणला. हाताला लागते ते हार्डवेअर, सहज बदलता येते ते सॉफ्टवेअर आणि ह्या दोहोंच्या मधले, चिपमध्ये मुरवून ठेवलेले, ते फर्मवेअर. आपल्याकडे पेज आणि भात ह्यांच्यामध्ये मऊभात असतो, तशातला प्रकार. ‘बायोस’ हे त्याचेच एक रूप. यंत्राला वीज मिळाली की सर्वांत आधी तो जागा होतो, स्मृती, डिस्क, कळफलक जागेवर आहेत की नाहीत ते तपासतो आणि मग विंडोजला हाक देतो. आमच्या यंत्रात हा सारा कारभार दोनशे छप्पन केबीच्या, बत्तीस पायांच्या एका चौकोनी चिपमध्ये मावला होता. एका मध्यम छायाचित्राला आज ह्याहून अधिक जागा लागते.

भाषेच्या चळवळीतील माणसाला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. आम्ही लगेच मराठी प्रतिशब्द घडवू लागलो. ‘स्थिराज्ञावली’, ‘मूलाज्ञा’, ‘दृढप्रणाली’ असे तीन शब्द वहीच्या समासात लिहूनही ठेवले. ‘मूलाज्ञा’ तर आम्हांस विशेष आवडला होता. त्या तिघांचे काय झाले ते पुढे येईल.

जुन्या यंत्राचा बायोस बदलणे म्हणजे चालत्या माणसाच्या पायाखालची फळी बदलणे होय. चिपमधील जुना मजकूर पुसला जातो आणि त्या जागी नवा लिहिला जातो. हे दीड-दोन मिनिटांचे काम चालू असताना वीज गेली तर ना जुना उरतो, ना नवा पुरा होतो. म्हणून आम्ही काळजी घेतली, निदान तसे आम्हांस वाटले. बोर्डाच्या कडेला छापलेला नमुना आणि त्यापुढील सुधारणा-क्रमांक भिंगाने वाचला, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन सुधारणांना दोन निराळे बायोस लागतात. डॉसची फ्लॉपी तयार केली. कपाटात सात फ्लॉप्या सापडल्या. चारींवर बुरशी होती, तीन चालल्या. जुन्या बायोसची प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर काढून ठेवली. यंत्र यूपीएसला जोडले. इतके सगळे केले आणि एक गोष्ट तपासली नाही. त्या यूपीएसच्या बॅटरीला पाच वर्षे होऊन गेली होती.

श्रावणातली दुपार, बाहेर सरीवर सर. लिहिण्याची पट्टी पडद्यावर अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली असेल, तोच लाइट गेली. यूपीएसने एकदा किंचाळल्यासारखा आवाज केला आणि तोही विझला. पंख्याची घरघर थांबली. घरात फक्त पागोळ्यांचा आवाज राहिला. दोन तासांनी वीज आल्यावर कळ दाबली. पंखा फिरला, पडदा काळा तो काळाच.

त्या काळ्या पडद्यासमोर आम्ही किती वेळ बसलो ते आठवत नाही. डोळ्यांपुढे यंत्र नव्हते. डोळ्यांपुढे मांद्र्याच्या एका वृद्ध शेतकऱ्याचा ओटा होता. तेथे तीन दुपारी बसून आम्ही खाजनाचे शब्द लिहून घेतले होते आणि त्या तीन दुपारींची वही वाळवीने खाल्ली होती.

संध्याकाळी डिचोलीच्या एका मेकॅनिकला दूरध्वनी केला. हे गृहस्थ पूर्वी खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या विजेची कामे करीत. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा त्यांनी संगणक दुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि तोच धंदा धरला. आम्ही त्यांना घडलेला प्रसंग सविस्तर, शुद्ध मराठीत, कारणमीमांसेसह सांगू लागलो. त्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली आणि मध्येच विचारले,

‘मास्तर, बायोस उडलो काय बोर्ड गेलो?’

आम्ही थांबलो. प्रश्न कोकणीत होता, पण क्रियापदे जशीच्या तशी आमची होती. उडाला की गेला? आम्ही म्हणालो, ‘फरक काय?’ ते म्हणाले, ‘फरक व्हड. पंखो घुंवता? फ्लॉपीचो दिवो पेटता? आवाज येता?’ आम्ही यंत्र पुन्हा चालू करून पाहिले. पंखा फिरत होता. फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला होता आणि फ्लॉपी असलेल्या खाचेतून थोड्या थोड्या वेळाने करकर असा आवाज येत होता. तसे सांगताच पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. ‘मागीर उडला. वचूंक ना.’

ह्याचा अर्थ त्यांनी नंतर उलगडून सांगितला. त्या काळच्या बऱ्याच बायोसमध्ये एक छोटा कप्पा राखून ठेवलेला असतो. नेहमीच्या लिखाणात त्याला हात लावला जात नाही. बाकीचा सारा मजकूर नासला तरी तो कप्पा जागा होतो. त्याला पडद्यावर चित्र उमटविता येईलच असे नाही, परंतु फ्लॉपी वाचता येते. दिवा लागून फ्लॉपी फिरते आहे, म्हणजे तो कप्पा जिवंत आहे आणि मदत शोधतो आहे. मजकूर उडाला होता, बोर्ड गेला नव्हता.

आता भाषेच्या अभ्यासकाने ह्या दोन शब्दांकडे थोडे थांबून पाहावे. ‘उडणे’ आणि ‘जाणे’ ही दोन्ही अकर्मक क्रियापदे, दोन्ही नाशवाचक. पण फ्यूज उडतो, रंग उडतो, झोप उडते. ह्या प्रत्येकात आश्रय जागेवर राहतो आणि त्यावरचे काहीतरी नाहीसे होते. कापड राहते, रंग उडतो. म्हणून जे उडाले ते पुन्हा भरता येते. ‘जाणे’ मात्र आश्रयासकट असते. दृष्टी गेली, दूध गेले, माणूस गेला. ‘विंडोज उडाली’ असे म्हणणारा आणि ‘डिस्क गेली’ असे म्हणणारा मेकॅनिक दोन निराळी निदाने करीत असतो, दोन निराळे खर्च सांगत असतो. त्यांना जोडूनच ‘अडकला’, ‘बसला’, ‘उठत नाही’ ही मंडळी येतात. ‘अडकला’ म्हणजे वाटेत थांबला, वाट मोकळी केली तर चालेल. आमची एकशे साठ जीबीची डिस्क लावल्यावर यंत्र असे अडकले होते. ‘उठत नाही’ म्हणजे वीज पोहोचते, शुद्ध येत नाही. ‘बसला’ म्हणजे आतला जोर ओसरला, जसा टायर बसतो, घसा बसतो, धंदा बसतो. ह्यांतील एकही शब्द कोणा समितीने ठरविलेला नाही. ते ट्रकच्या गॅरेजातून संगणकाच्या दुकानात आले, आमच्या मेकॅनिकसारख्या माणसांबरोबर, हातातल्या पान्यासारखे.

दुसरीकडे ‘मारणे’ पाहा. दुकानात कोणी फॉरमॅट ‘करीत’ नाही, फॉरमॅट ‘मारतो’. अपडेट मारतो, स्कॅन मारतो. हे ऐकून शुद्धतेच्या अभिमान्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण शिक्का मारणे, गाठ मारणे, टाका मारणे, उडी मारणे ह्यांच्या रांगेत ते बसवून पाहिले की त्यातील नेमकेपणा ध्यानात येतो. एका झटक्यात, एका दमात, मध्ये न थांबता करावयाची जी क्रिया, तिला मराठी ‘मारणे’ लावते. गाठ अर्धी मारता येत नाही. बायोसही अर्धा लिहिता येत नाही. अर्धा राहिला की काय होते ते आम्ही अनुभवले होते. निर्मात्याच्या इंग्रजी पत्रकात मधेच वीज बंद करू नये अशी सूचना तीनदा छापली होती. ‘मारणे’ ह्या एका क्रियापदात ती मूळचीच आहे.

दूरध्वनी ठेवण्यापूर्वी आम्ही स्वतःच्या समाधानासाठी म्हणालो, ‘काय करणार, लाइट गेली आणि बायोस उडाला.’ त्यावर ते हसून म्हणाले, ‘उडलो न्हय मास्तर, तुमी उडयलो. यूपीएसाची बॅटरी कोणे पळोवपाची?’ अकर्मकाच्या आड लपलेला कर्ता त्यांनी एका प्रयोजकाने बाहेर काढला. व्याकरणाचा इतका खरा पाठ आम्हांस शाळेत क्वचितच मिळाला असेल.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः डिचोलीहून आले. त्यांनी एका फ्लॉपीवर तीनच गोष्टी ठेवल्या: डॉस, बायोस लिहिणारा छोटा प्रोग्राम आणि बायोसची फाइल. यंत्र सुरू होताच प्रोग्राम आपोआप चालावा म्हणून एका ओळीची आज्ञा-फाइलही तीत घातली, कारण पडद्यावर काहीच दिसणार नव्हते. यंत्र ह्या खेपेस नव्या बॅटरीच्या यूपीएसला जोडले. कळ दाबली. फ्लॉपीचा दिवा लागला, करकर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडदा काळाच. ते घड्याळ पाहत बसले आणि आम्ही दिव्याकडे. चारेक मिनिटांनी करकर पूर्ण थांबली. त्यांनी आणखी दोन मिनिटे जाऊ दिली, फ्लॉपी काढली आणि कळ पुन्हा दाबली. एक छोटा बीप झाला आणि स्मृतीचे आकडे पडद्यावर धावू लागले. ‘उठलो,’ ते म्हणाले.

एवढ्याने काम संपले नाही. बायोस नवा झाला की त्यातील सारे ठराव मूळपदावर जातात. दिनांक १ जानेवारी २००२ दाखवू लागला. बोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरीही दमली होती. पेडण्याच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात ती मिळाली. डिस्क ह्या खेपेस पूर्ण ओळखली गेली, विंडोज आले. मात्र शब्दसंग्रहाचे सॉफ्टवेअर उघडले तर डाँगल नाही असे ते सांगू लागले, आणि डाँगल तर मागे खोचलेली होती. येथेही मेकॅनिकच कामी आले. प्रिंटरची ती जोडणी तीन-चार रीतींनी बोलू शकते. आमच्या यंत्रात ती कोणीतरी पूर्वी साध्या रीतीवर ठेवली होती, ती नव्या बायोसमध्ये वेगवान रीतीवर गेली होती. बायोसच्या पटात जाऊन ती पुन्हा साध्या रीतीवर ठेवताच कुलूप उघडले. जुन्या यंत्राचा बायोस बदलण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, हा ह्यातला धडा.

ह्यानंतरचे तीन महिने संग्रह युनिकोडमध्ये आणण्यात गेले. रूपांतर करणारे प्रोग्राम बरेचसे काम करतात, पण मराठीची खास वळणे त्यांच्या हातून निसटतात. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुताऱ्याचा’ ह्यांतील अर्धा र कधी गळे, कधी रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. आमच्या जुन्या यंत्रात त्या जागी रिकामा चौकोन दिसे. तेव्हा प्रत्येक नोंद मूळ पडद्यावर पाहून नव्या यंत्रावर डोळ्यांनी तपासावी लागली. एक जण वाचे, दुसरा पाही. असे करीत असता, संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असा आम्ही प्रथमच वाचला.

आणि वाचता वाचता मन खट्टू झाले. आमच्या संग्रहात जवळजवळ सगळी नामे होती. अवजारांची नावे, पिकांची नावे, माशांची, झाडांची, दागिन्यांची नावे. मानस होते, मेर होती, बांध होता. पण बांधाचे काय होते, हे नव्हते. मांद्र्याच्या त्या शेतकऱ्याने तीन दुपारी आम्हांस काय सांगितले होते ते आता आठवू लागले. बांध ‘पाझरतो’ तेव्हा चिखल थापून चालते. बांध ‘खचतो’ तेव्हा आतून दगड लावावे लागतात. आणि बांध ‘फुटतो’ तेव्हा सुकतीची वेळ गाठून सारा गाव उतरावा लागतो. तीन क्रियापदे, तीन निदाने, तीन उपाय, अगदी ‘अडकला, उडाला, गेला’ ह्यांसारखीच. आम्ही त्या दुपारी ‘बांध’ हा शब्द लिहून घेतला, त्याचा अर्थ लिहिला आणि क्रियापदे बोलण्याच्या ओघात वाहून जाऊ दिली. ती तर सर्वांना ठाऊकच आहेत, असे तेव्हा वाटले होते. आज खाजनाच्या बांधावर उतरणारी माणसेच कमी झाली आहेत.

आम्हांस वाटते, हा दोष एकट्या आमचा नाही. आपल्या भाषाकार्याची जुनी सवय नामांची आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आजच्या परिभाषाकोशांपर्यंत आपण परकी नामे काढून आपली नामे बसविण्याचा उद्योग केला. तो उद्योग थोर आहे आणि ‘संगणक’ हा शब्दच त्याचे फळ आहे. परंतु नामे तर भाषा नेहमीच उसनी घेते. पोर्तुगीज सत्तेच्या काळात चावी, फीत, पगार, तुरुंग हे शब्द आपल्याकडे आले आणि मुलूखभर मराठी झाले. क्रियापदे मात्र तिकडून फारशी आली नाहीत. चावी फिरवितो तो मराठीत, पगार होतो तो मराठीत, तुरुंग फोडतात तोही मराठीतच. तसेच बायोसचे. तो ‘बायोस’ म्हणून आला, ‘बायोस’ म्हणून राहील. आमच्या ‘मूलाज्ञे’वाचून त्याचे काही अडले नाही. ती आम्ही दुरुस्तीच्या दिवशी मेकॅनिकला मोठ्या हौसेने ऐकवली. त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि पान्याकडे हात नेला. वहीच्या समासातील त्या तीन शब्दांवर आम्ही त्याच रात्री रेघ मारली. जोवर बायोस मराठीत उडतो, अडकतो आणि उठतो, तोवर तो परका नाही. ज्या दिवशी आपल्या मुलांना बिघाड सांगण्यासाठी इंग्रजी क्रियापद शोधावे लागेल, त्या दिवशी मात्र पदरी शुद्ध नामांचे कितीही कोश असले तरी भाषा गेली असे समजावे. उडाली नव्हे, गेली.

सीमाभागातील आम्ही माणसे भाषेसाठी कायद्याच्या वाटेने लढत आलो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा मिळाली. त्या मुभेचा प्रत्यक्ष वापर व्हावा ही आमची मागणी कालही होती, आजही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आमच्याही ओट्यावर साजरा झाला. पण दर्जा हा भाषेच्या वयाचा मान आहे. तिच्या आजच्या प्रकृतीचा पुरावा गॅरेजात, बांधावर आणि दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तेथे आमचे कोकणी बोलणारे मेकॅनिक आणि मराठी लिहिणारे आम्ही एकाच क्रियापदावर भेटलो, आणि त्या भेटीत एक संग्रह वाचला.

ज्यांच्या घरी, वाचनालयात वा शाळेत जुनी यंत्रे आहेत, त्यांना चार गोष्टी सांगून ठेवतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि त्यानंतरच्या पिढीतील यंत्रांत सुरक्षित सुरुवातीसाठी वापरली जाणारी २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. तेव्हा अनेकांना बायोस बदलण्याचा सल्ला मिळेल. बदलण्यापूर्वी खरोखर गरज आहे का ते विचारावे. बोर्डाचा नमुना आणि सुधारणा-क्रमांक बोर्डावरूनच वाचावा. पटातील प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. यूपीएस चालू ठेवून भिंतीतील वीज काढावी आणि साध्या दिव्यावर तो किती मिनिटे टिकतो ते आधी पाहावे. आणि सर्वांआधी, जुन्या फाँटांत अडकलेले लेखन यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे.

आम्ही आता नवी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘उडणे’ आहे, दुसऱ्यावर ‘जाणे’, तिसऱ्यावर ‘अडकणे’. डिचोलीच्या त्या दुकानात आठवड्यातून एक सकाळ बसतो. गिऱ्हाईक बिघाड कसा सांगते आणि मेकॅनिक तो उलट कसा विचारतात, ते लिहून घेतो. पुढील सुकतीला मांद्र्याच्या खाजनावर जायचे आहे. तो वृद्ध शेतकरी आता नाही. त्याचा मुलगा बांधावर उतरतो असे कळले आहे. बांध आता कसकसा बिघडतो, हे त्याला विचारायचे आहे.